रोज फुल स्पीडने पळूनही टाइम का कमी होत नाही? कॉलेजच्या क्रॉस कंट्री टीमसाठी उन्हाळ्यात काय करायचं

तू ताई म्हणून विचारलंस म्हणून एकेरीतच लिहिते. आधी तुझा प्रश्न माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. बारावीची परीक्षा झालीय, गाव परभणी जिल्ह्यात, जुलैमध्ये संभाजीनगरला कॉलेज सुरू होणार आणि तिथल्या मुलींच्या क्रॉस कंट्री (म्हणजे कच्च्या, उंचसखल जमिनीवरची लांब पल्ल्याची शर्यत) टीममध्ये यायचंय, सिलेक्शन ऑगस्टच्या शेवटी असतं असं सीनियरने सांगितलंय. शाळेत ३००० मीटरला जिल्ह्यापर्यंत गेली होतीस. आता रोज संध्याकाळी डांबरी रस्त्यावर ५ किलोमीटर जीव तोडून पळतेस, टाइम २९ मिनिटांवर अडकलाय, दोन्ही नडग्या दुखायला लागल्यात, आई म्हणते या उन्हात पळणं बंद कर. आणि तू विचारलंयस, स्पीड कशी वाढवू?

मी बरीच वर्षं कॉलेजच्या मुलामुलींना पळवते, त्यावरून सांगते, तुझा खरा प्रश्न स्पीडचा नाहीये. तू रोज परीक्षा देतेयस आणि अभ्यासाला एकही दिवस ठेवलेला नाहीस. रोज तेच अंतर, तोच रस्ता, तोच पूर्ण जोर. पहिले तीन-चार आठवडे टाइम भराभर उतरला असेल, कारण नवीन शरीराला काहीही केलं तरी फरक पडतो. मग तो थांबला, आणि तुला वाटलं अजून जोर लावायला पाहिजे, तिथून नडग्या सुरू झाल्या. हे मी दरवर्षी बघते, हुशार आणि कष्टाळू पोरींचंच जास्त होतं, कारण आळशी पोरगी इतकं दुखेपर्यंत पळतच नाही. आत्तापासून ऑगस्टपर्यंत तुझ्या हातात साधारण सोळा आठवडे आहेत. या सोळा आठवड्यांत तू किती जोरात पळालीस यापेक्षा त्यातले किती आठवडे न दुखता, न खंड पडता पळालीस यावर तुझं सिलेक्शन ठरणार आहे.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय काय आहे ते आधी सांगते. एक म्हणजे अंतर. जागतिक क्रॉस कंट्रीत २०१७ पासून सीनियर महिलांचं अंतर पुरुषांइतकंच १० किलोमीटर झालंय, तुझ्या विद्यापीठात यंदा मुलींना किती ठेवलंय आणि कॉलेज ट्रायल किती अंतराची घेतं ते तिथल्या जिमखान्यात, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागात, फोन करून विचार. क्रीडा शिक्षकांना असा फोन आला की बरंच वाटतं, लाजू नकोस. दुसरं म्हणजे कॉलेज कोणतं आहे. काही कॉलेजांत नॅशनल खेळलेल्या मुली असतात तिथे स्पर्धा खरीच अवघड, पण मी ज्या कॉलेजांचं जवळून बघितलंय त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मुलींची पूर्ण टीम उभी करतानाच सरांची दमछाक होते. क्रॉस कंट्रीत टीमचा निकाल नंबरांच्या बेरजेवर लागतो, जागतिक स्पर्धेत सहा जणी पळतात आणि पहिल्या चौघींचे नंबर धरतात, ज्यांची बेरीज कमी ती टीम पुढे. म्हणजे शिक्षकाला फक्त एक स्टार नको असते, शेवटपर्यंत न थांबता पळणारी चौथी-पाचवी मुलगीही तितकीच हवी असते. तुझी जागा आत्ता तिथे आहे असं मला वाटतं, आणि ती मिळवणं तुझ्या आवाक्यातलं आहे. तिसरं, तुझ्या नडग्या. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे म्हणून तिथूनच सुरू करू.

खाली बस, पाय समोर घे आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवर अंगठ्याने वरून खाली दाबत जा. वीतभर पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखतंय, पळायला लागल्यावर सुरुवातीला दुखतं आणि अंग गरम झालं की कमी होतं, असं असेल तर तो नेहमीचा नडगीचा त्रास आहे, शिन स्प्लिंट म्हणतात तो, आटोक्यात येतो. पण एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, दाबलं की कळ येते, एका पायावर उडी मारली की तिथेच टोचतं, रात्री झोपेतही ठणकतं, असं असेल तर पळणं आजपासून बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे जायचं. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतही नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं तसंच असेल तर परत दाखवायचं. यात हयगय केलीस तर सोळा आठवडे सोड, अख्खं वर्ष जाईल.

पट्ट्यातलं दुखणं असेल तर दहा दिवस पळू नकोस. चाल, सायकल चालव, आणि पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करायच्या, हळूहळू, पंधरा-पंधराचे तीन सेट. पोटरी मजबूत झाली की नडगीवरचा ताण कमी होतो. डांबरी रस्ता सोड. पांदणीचा रस्ता, शाळेचं ग्राउंड, मुरुमाचा रस्ता, जे मऊ मिळेल ते. आणि बूट. तू शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पळतेयस असं लिहिलंयस, ते पीटीच्या तासाला ठीक आहेत, आठवड्याला तीस किलोमीटरला नाहीत. महागातले घे असं मी म्हणणार नाही, स्पाइक्स म्हणजे तळाला खिळे असलेले बूट तर अजिबात घेऊ नकोस, पण टाचेखाली थोडी गादी असलेला, बोटांच्या पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असा साधा रनिंगचा बूट घे, आणि घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात म्हणून माप बरोबर मिळतं. घरच्यांकडे उन्हाळ्यात एकाच गोष्टीसाठी पैसे मागायचे असतील तर ते बुटासाठी माग.

मग पहिले पाच-सहा आठवडे फक्त हळू पळायचं. हळू म्हणजे किती ते नीट सांगते, कारण इथेच सगळ्यांचं चुकतं. तू ५ किलोमीटर २९ मिनिटांत पळतेस म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४८ सेकंद. तुझं इझी रनिंग किलोमीटरला ७ मिनिटांच्या पुढे, साडेसातच्या आसपास असायला पाहिजे. घड्याळ नसलं तरी चालेल, शेजारी मैत्रीण पळतेय असं समजून पूर्ण वाक्य बोलून बघ, मधे दम न तुटता वाक्य पूर्ण होत असेल तर बरोबर, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त होतंय. सुरुवातीला हे इतकं हळू वाटेल की लाज वाटेल. गावाच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं तुझ्या बाजूनं सुसाट जातील, कुणीतरी काहीतरी बोलेलही. जाऊ दे त्यांना. त्यांना १६०० मीटरची परीक्षा द्यायचीय, मुलींना तर ८०० मीटरचीच असते, तुला त्याच्या कितीतरी पट अंतर पळायचंय. गावाकडे पळण्याचं शिक्षण भरतीच्या ग्राउंडवरूनच मिळतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं सराव म्हणजे रोज टाइम लावणं. तुझ्या अंतराला ते लागू होत नाही.

हळू पळून वेग कसा येतो असं तू विचारशील. लांब अंतराच्या पळण्यात जवळजवळ सगळी ताकद ऑक्सिजनवर चालते. रोज निवांत पळाल्याने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, पायाच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, स्नायूंच्या आत ऊर्जा बनवणारे कण वाढतात, आणि हे सगळं व्हायला तासन्तास पळणं लागतं, जे फुल स्पीडने कुणालाच जमत नाही. आणि दुसरी गोष्ट जी मला जास्त महत्त्वाची वाटते, छातीचा दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो पण हाडं आणि स्नायुबंध बळकट व्हायला महिने लागतात. म्हणजे दम म्हणतो चल अजून पळू आणि नडगी मागे राहिलेली असते. हळू पळणं म्हणजे नडगीला दमाची बरोबरी करायला दिलेला वेळ. आपली ललिता बाबर बघ, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची. आधी मॅरेथॉन पळायची, मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळली आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये धावली. लांब पळण्याचा पाया आधी झाला होता, स्पीड त्याच्यावर चढली.

किलोमीटरचं म्हणशील तर आत्ता तू आठवड्याला साधारण तीस-पस्तीस करतेस, सगळे जोरात. दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर वीसपासून सुरू कर, आठवड्यातून चार दिवस. त्यातला एक दिवस थोडा लांब. दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटर वाढव, तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी कर, त्या आठवड्यात शरीर कमावलेलं साठवतं. जुलैच्या शेवटी पाच दिवस आणि ३५ ते ४० किलोमीटर इथपर्यंत गेलीस तर खूप झालं. कुणी सांगेल अमुक मुलगी शंभर करते, ती पाच-सात वर्षं पळतेय. आणि हळू पळून पाय जड पडू नयेत म्हणून आठवड्यातून दोनदा, इझी रन संपल्यावर, ८० ते १०० मीटरचे चार-पाच स्ट्राइड्स मार. म्हणजे मोकळं, ताठ, पायाचा आवाज न करता वेगात जायचं, जीव काढायचा नाही, आणि चालत परत यायचं.

आता ऊन. आई म्हणते ते अर्ध खरं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३च्या वर सहज जातो, आणि तू संध्याकाळी पळतेस तेव्हा सूर्य कललेला असला तरी जमीन आणि हवा तापलेलीच असते. दिवसातली सगळ्यात थंड वेळ सूर्य उगवायच्या जरा आधी असते. म्हणून पहाटे साडेपाचला घराबाहेर, सव्वासहा-साडेसहाला घरात. अंधारात एकटीने जायचं नाही, भाऊ सायकलवर बरोबर येईल, मैत्रीण येईल, कुणीच नसलं तर घराजवळच्या ग्राउंडवर राउंड मार. आईला सांग की ऊन वर यायच्या आत परत येते, आणि जमलं तर एखाद्या दिवशी तिलाच ग्राउंडवर चालायला घेऊन जा. मी पाहिलंय, आयांचा विरोध बऱ्याचदा पळण्याला नसतो, काळजीचा असतो.

गरमीत हृदयाला एकाच वेळी दोन कामं लागतात, पायांना रक्त द्यायचं आणि अंग थंड करायला कातडीकडेही पाठवायचं. त्यामुळे त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. म्हणून मे महिन्यात घड्याळाकडे बघून निराश व्हायचं नाही, श्वासाकडे बघायचं. साधारण दहा ते चौदा दिवसांत शरीर सरावतं, घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातलं पाणी वाढतं, मग जरा सोपं जातं. पळायच्या आधी पेलाभर पाणी, आल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ताक. नुसतं पाणी तांब्याच्या तांब्या पिऊ नको, घामातून मीठही गेलेलं असतं. आणि चक्कर आली, अंगावर काटा आला, डोकं चालेनासं झालं, मळमळलं, तर तिथेच थांबायचं, सावलीत जायचं, डोक्यावर मानेवर पाणी ओतायचं. बडबड किंवा बेशुद्धी असेल तर अंगावर पाणी ओतत ओतत थेट दवाखाना. हे बरोबर येणाऱ्या भावालाही सांगून ठेव.

जूनमध्ये पाऊस पडला की वातावरण एकदम सुखाचं होतं, आणि तेव्हाच पोरी उत्साहात दुप्पट पळतात. तसं करू नकोस. काळ्या मातीचा चिखल बुटाला चिकटून एकेक किलोचा होतो आणि घोटा मुरगळतो, पावसाच्या दिवशी मुरुमाचा रस्ताच बरा. नडग्या शांत असतील तर जूनमध्ये चढ सुरू कर. परभणीकडे डोंगर नाही म्हणशील, पण जायकवाडीचा डावा कालवा तुमच्याच जिल्ह्यातून जातो, अशा कालव्याच्या भरावावर चढणारा कच्चा रस्ता किंवा एखाद्या पुलाचा चढ शोध. साठ-सत्तर मीटर चढ दमदार पळायचा, चालत उतरायचं, सहा ते आठ वेळा, आठवड्यातून एकदा. चढावर वेग कमी असतो म्हणून पायाला दणका कमी बसतो, आणि मांड्या-पोटऱ्यांना ताकद येते.

जोराचं काम जुलैपासून, आणि तेही आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस. एक टेम्पो. दहा मिनिटं हळू, मग १५ ते २० मिनिटं अशा वेगाने की कष्ट पडतायत पण आटोक्यात आहेत, तुझ्या आत्ताच्या टाइमवर तो किलोमीटरला सव्वासहा मिनिटांच्या जवळ येतो, मग परत दहा मिनिटं हळू. जोराच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे टेम्पोनंतर तीन-चार दिवसांनी, १००० मीटरचे चार तुकडे, मधे तीन मिनिटं चालत-जॉगिंग. शेवटचा तुकडा पहिल्याइतक्याच टाइममध्ये आला पाहिजे. पहिला जोरात आणि शेवटचा रडत, असा वर्कआउट झाला तर तो वाया गेला असं समज आणि पुढच्या वेळी सुरुवात हळू कर. टाइम लावून पळायचं महिन्यातून एकदाच, ३ किलोमीटर. बाकी दिवस घड्याळ घरी ठेवलंस तरी हरकत नाही. आत्ताच्या तुझ्या ताकदीवर १० किलोमीटर तासाभरात होतील, मधे नीट सराव झाला तर त्यातून काही मिनिटं कमी होणं अगदी शक्य आहे. नेमकी किती ते कुणी सांगू शकत नाही आणि सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

खाण्याबद्दल तू काही विचारलं नाहीस पण मुलींच्या बाबतीत मला हे सगळ्यात जास्त तळमळीने सांगावंसं वाटतं. पळायला लागण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घे, सरकारी दवाखान्यात होतं. १२च्या खाली असेल तर कितीही सराव केलास तरी दम लागतच राहणार, कारण ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी आहे. मी अशा मुली बघितल्यात ज्यांना सगळे आळशी म्हणायचे आणि खरं कारण रक्तात होतं. गोळ्या लागल्या तर डॉक्टरांना विचारून घे. जेवणाबरोबर चहा नको, चहाने अन्नातलं लोह कमी अंगी लागतं, लिंबू पिळलंस तर जास्त लागतं. परत आल्यावर तासाभरात पोटभर खा, भाकरी, वरण, उसळ, शेंगदाण्याचा लाडू, खात असशील तर अंडी. वजन कमी केलं की स्पीड वाढते हे कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. पाळी सलग तीन महिने आली नाही तर ते फिटनेसचं लक्षण नाही, अन्न कमी पडतंय आणि हाडं कमजोर होतायत याची सूचना असू शकते, तेव्हा बाईंकडे म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. पाळीत पळायचं की नाही ते तुझ्या अंगाला विचार, बरं वाटत असेल तर पळायला काहीच हरकत नाही. आणि लग्नसराईत रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून पहाटे पळायला उठायचं नाही, त्या दिवशी झोप घे.

जुलैमध्ये कॉलेजात गेलीस की पहिल्याच आठवड्यात जिमखान्यात जाऊन नाव दे. दहावी-बारावीची मार्कशीट, अ‍ॅडमिशनची पावती, फोटो, याच्या झेरॉक्स फाइलमध्ये ठेव, एलिजिबिलिटी फॉर्मच्या (कॉलेजकडून खेळायला पात्र असल्याच्या फॉर्मच्या) वेळी धावपळ होते आणि कागदामुळे चांगल्या मुली राहतात. सकाळच्या ग्राउंडला रोज जा. ट्रायलचा एक दिवस असतो पण शिक्षक महिनाभर बघत असतात कोण वेळेवर येतंय, कोण शेवटचा राउंड पूर्ण करतंय. नाशिकच्या संजीवनी जाधवने २०१७ला तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरला रौप्य मिळवलं, म्हणजे कॉलेजचं हे ग्राउंड कुठवर नेऊ शकतं ते बघ. आणि तुमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस धावलेला, शाळेला पायी पळत जाणारा मुलगा, सैन्यात गेल्यावर क्रॉस कंट्रीपासूनच त्याचं खरं अ‍ॅथलेटिक्स सुरू झालं. उशीर झालाय असं तुला जे वाटतंय ते मनातून काढ.

ट्रायलच्या आधीचे दहा दिवस किलोमीटर निम्म्यावर आण, थोडे स्ट्राइड्स ठेव. त्या दिवशी शिट्टी वाजली की सगळ्या पहिल्या चारशे मीटरला भरतीसारख्या सुटतील. तू सुटू नकोस. पहिला किलोमीटर तुला जरा जास्तच सोपा वाटला पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरपासून त्याच मुली एकेक करून मागे येताना दिसतात, तेव्हा एकीवर नजर ठेवायची, तिला गाठायचं, मग पुढची.

आता तू एवढं कर, आज संध्याकाळी पळू नकोस, नडगी दाबून बघ आणि दुखणं पट्ट्यात आहे की एका जागी ते लिहून कळव, हिमोग्लोबिनचा आकडाही आला की टाक. कॉलेजने ट्रायलचं अंतर किती सांगितलं तेही लिही, मग पहिल्या चार आठवड्यांचं वारानुसार बसवून देते.